शिळा नंबर

मी टेबल-टेनिसचं टेबल बोलतोय. हसू नका. सगळा जन्म टकटक ऐकण्यात आणि टकटक करण्यात गेला, त्यामुळे गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही. आज संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी माझ्यावर पुन्हा चेंडू पडणार आहे. मावशीने ओलं फडकं मारून ठेवलंय, जाळी ताणून बांधलीये. माणसं यायला अजून अवकाश आहे, तेवढ्यात सगळं सांगून घेतो. एकदा खेळ सुरू झाला की मला कुणाशी बोलायला सवड नसते.

माझा जन्म सुतारकामाच्या एका कारखान्यातला. मला घडवणारा सुतार भयंकर तिरसट होता. कायम कानावर पेन्सिल, कायम कपाळाला आठ्या. त्याने माझे दोन भाग केले, मधे बिजागऱ्या बसवल्या, खाली चाकं लावली. हिरवा रंग दिला, कडेने पांढरी पट्टी ओढली. रंग वाळल्यावर त्याने डोळे मिटून माझ्यावर जागोजागी चेंडू सोडून पाहिला. सगळीकडून टणटणीत आवाज आला, पण एका कोपऱ्यात चेंडू बद्दकन पडला आणि उसळलाच नाही. आता हा मला पुन्हा उसकटणार, असंच मला वाटलं. त्याने त्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "राहू दे. एवढं तर प्रत्येकात असतं." तिरसट माणसाच्या तोंडून निघालेलं ते एकच गोड वाक्य मी ऐकलं, आणि नशिबाने ते माझ्याबद्दल होतं.

माझी पहिली नोकरी एका ऑफिसच्या कँटीनमध्ये. नोकरीच म्हणायची, कारण तिथे खेळ कमी आणि हजेरीच जास्त. जेवणाच्या सुट्टीत माझ्यावर डबे उघडले जायचे, आमटीचे डाग पडायचे, एक जण तर पाय पोटाशी घेऊन माझ्यावर चक्क झोपायचा. कधी साहेब खेळायला आले की समोरचा माणूस सोपे सोपे चेंडू जाळीत घालायचा. साहेब जिंकायचे, सगळे टाळ्या वाजवायचे. मला मनातून लाज वाटायची. मी लाकूड असलो तरी खरा फटका आणि खोटा फटका यातला फरक मला कळतो.

मग ऑफिस दुसरीकडे गेलं आणि मला या वस्तीच्या हॉलला देऊन टाकलं. येताना माझा एक पाय दुखावला. तेव्हापासून त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे. हॉल मोठा आहे, छत उंच, एका बाजूला खिडक्यांची रांग. बाहेर चढाची गल्ली, कोपऱ्यावर बेकरी, पलीकडे औषधांचं दुकान. हॉलची व्यवस्था मावशीकडे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि जिभेला धार. "चपला-बूट बाहेर काढा" हे वाक्य ती दिवसातून इतक्यांदा म्हणायची, की माझ्याही तोंडी बसलं.

आणि मग माझ्या आयुष्यात पोरं आली.

शाळा संपत आलेली काही, काही कॉलेजातली. त्यांची खरी नावं मला कधी नीट कळली नाहीत, कारण इथे ती कुणी घेतच नसे. एक होती डावरी. डाव्या हाताने खेळायची, वेणी तोंडात धरून सर्व्हिस करायची. एक होता लंबू, तिचा जोडीदार, इतका उंच की माझ्यावर वाकून वाकून त्याची पाठ दुखायची. एक होता गोटी, बेकरीवाल्याचा धाकटा, गोल आणि चपळ, खिशात कायम बिस्किटांचा चुरा. बाकीही बरीच होती. संध्याकाळी सगळी आली की हॉलमध्ये असा कालवा व्हायचा की मावशी कानाला पदर लावायची.

त्यांचा एक कायदा होता, आणि हा कायदा मोठ्यांपैकी कुणालाच माहीत नव्हता. जिंकेल तो टेबलावर राहणार, हरेल तो जाणार. पुढचा नंबर कुणाचा, हे बुटांवरून ठरायचं. ज्याला खेळायचंय त्याने आपला एक बूट माझ्याखाली रांगेत ठेवायचा, टोक जाळीकडे. पहिल्या बुटाचा पहिला नंबर. हरला की त्याने वाकून आपला बूट उचलायचा आणि बाजूला व्हायचं. मावशीला वाटायचं, ही कार्टी गबाळी आहेत, बूट जिथे तिथे टाकतात. ती ओरडायची, पोरं "हो मावशी" म्हणायची आणि बूट तिथेच राहायचे.

हॉल बंद व्हायची वेळ झाली आणि नंबर आला नाही, तर बूट तसाच ठेवून जायचं. त्याला ती म्हणायची शिळा नंबर. दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी शिळा नंबर. कोपऱ्यात जुन्या स्लिपरांचा ढीग होता, त्यातल्या दोन पायांत अडकवायच्या, दुसरा बूट पिशवीत टाकायचा आणि घरी जायचं. शिळ्या नंबराला कुणी हात लावायचा नाही. मी कितीतरी संध्याकाळी पाहिलंय, दांडगट, भांडखोर पोरं, पण दुसऱ्याचा एकटा बूट दिसला की त्याला वळसा घालून जायची. मला याचं फार नवल वाटायचं. कुलूप नाही, पहारा नाही, फक्त एक मळका बूट, आणि सगळे त्याला मान देतात.

आणखी एक कलम होतं, ते डावरीचं. दया दाखवायची नाही. समोर कुणीही असो, नवखा असो, आजारातून उठलेला असो, मुद्दाम हरायचं नाही. "मुद्दाम हरलास तर बॅट डोक्यात घालीन," असं ती लंबूला म्हणायची. कँटीनमध्ये आयुष्य काढलेल्या मला हे ऐकून काय वाटलं असेल, विचारू नका. माझा तो बद्द कोपरा तिने पहिल्या आठवड्यातच शोधून काढला होता. अटीतटीची वेळ आली की ती चेंडू बरोबर तिथे टाकायची. चेंडू उसळायचाच नाही, लंबू हवेत बॅट फिरवत राहायचा. आणि ती माझ्यावर थाप मारून म्हणायची, "शाब्बास रे माझ्या गड्या!" ज्या दोषापायी मी जन्मभर ओशाळा होतो, त्याला शाबासकी मिळत होती.

ती चालताना डावा पाय घासायची, त्यामुळे तिच्या डाव्या कॅनव्हासच्या बुटाचं टोक नेहमी फाटायचं. तिची आई घरी शिवणकाम करते. तिने त्या टोकाला निळ्या कापडाचं ठिगळ लावलं होतं, दुहेरी टाका घालून. बुटांच्या रांगेत तो बूट लांबून ओळखू यायचा.

आता पुढचं सांगायचं आहे.

गल्लीपलीकडच्या मैदानावर त्या संध्याकाळी गाण्यांचा मोठा कार्यक्रम होता. पोरं आठवडाभर त्याच्याबद्दलच बोलत होती. आदल्या दिवशी डावरीचा नंबर राहून गेला, म्हणून तिने आपला डावा बूट माझ्याखाली ठेवला. पहिलाच. "शिळा नंबर आहे हं, परवा आल्या आल्या लंबूला लोळवणार," असं बजावून गेली. कार्यक्रमाच्या दुपारी ती आणि लंबू पुन्हा आले, नुसते डोकावायला. मावशी बाजारात गेली होती, किल्ली पोरांकडे होती. डावरीच्या पायांत नवे मरून रंगाचे बूट होते. तिने माझ्याभोवती नाचून दाखवलं, दोन्ही पायांवर उड्या मारल्या, एका पायावर गिरकी घेतली. लंबू म्हणाला, "पुरे आता, झिजतील." ती हसली, वाकून माझ्याखाली पाहिलं, आपला जुना बूट जागेवर आहे ना याची खात्री केली. मग दोघं गेली.

मैदानाकडे उतरणारी वाट अरुंद आहे, दोन्हीकडे भिंती, खाली फाटक. मी काही ती पाहिलेली नाही, पण पुढच्या दिवसांत हॉलमध्ये जो येई तो त्या वाटेबद्दलच बोले, त्यामुळे मला ती आता पाठ झालीये. फाटक बंद होतं. पुढच्यांना थांबावं लागलं, मागच्यांना ते माहीत नव्हतं. गाणी सुरू झाल्याचा आवाज आला तशी मागची गर्दी खाली सरकली. कुणी कुणाला मारायला आलं नव्हतं. सगळी गाणी ऐकायला आली होती, आणि उभ्या उभ्या त्यांचा श्वास अडकला.

सकाळी हॉल उघडला तो पोरांसाठी नाही. केशरी जॅकेट घातलेली स्वयंसेवक माणसं आली. जवळची मोठी जागा हीच. त्यांनी माझी जाळी सोडली, माझ्यावर पांढरी चादर अंथरली आणि पोत्यांतून त्या वाटेवर सापडलेले बूट काढायला सुरुवात केली.

चेंडूचं वजन काय असतं, फुंकर मारली तर उडेल. माझ्या अंगाला त्या वजनाची सवय. बूट काही फार जड नसतात. तरी त्या सकाळी माझ्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी पार चेपली गेली.

त्या माणसांचं मला काय सांगू! त्यांना ही पोरं माहीत नव्हती. रात्रभर झोप नव्हती. घाईघाईत बूट ओतून ठेवले असते तरी त्यांना कुणी बोललं नसतं. पण त्यांनी एकेक बूट हातात घेतला, ओल्या फडक्याने पुसला, जोडी जुळते का पाहिलं. सुटलेल्या नाड्या बांधल्या. जोडी न मिळालेल्या बुटाशेजारी जोडीपुरती जागा मोकळी ठेवली. एका बाईंनी एका लहान सँडलचं बक्कल इतक्या हळुवार लावलं, जणू पाय आत होता. मी माणसांना आयुष्यभर खालून आणि वरून पाहिलंय, पण माणूस म्हणजे काय चीज आहे, हे मला त्या दिवशी थोडं कळलं.

याच बाई खाली पडलेलं काही राहिलंय का बघायला वाकल्या. माझ्याखाली त्यांना एक कॅनव्हासचा बूट दिसला. त्यांना वाटलं, वरून घरंगळला असेल. त्यांनी तो उचलला, पुसला, निळ्या ठिगळावरून बोट फिरवलं आणि इतरांच्या रांगेत मांडला. त्यांचं काय चुकलं? पोरांचा कायदा त्यांना कोण सांगणार होतं? मला तोंड असतं तर ओरडलो असतो. मला नेमकं नको तेव्हा बोलता येतं.

मग घरची माणसं येऊ लागली. अनेकांना तोवर काहीच कळलं नव्हतं; पोर कुठल्या दवाखान्यात आहे, आहे की नाही, काही नाही. ती माझ्या कडेकडेने चालायची. कुणी धक्का दिला नाही, कुणी पुढे घुसलं नाही. ज्या गर्दीने आदल्या संध्याकाळी एवढं केलं, त्याच गावची ही माणसं, आणि पुढच्याला हवा तितका वेळ देऊन मागे हात बांधून उभी. बेकरीवाला आला. आडमाप माणूस, पिठाची पोती एका हाताने उचलणारा. त्याने गोटीचा बूट पाहिला आणि तो एक बूट दोन्ही हातांनी उचलला.

डावरीचे आईबाबा दुपारी आले. बाबा बस चालवतात, अंगावर गणवेशच होता. आई एकेका बुटाकडे बघत, मान हलवत पुढे सरकत होती. मरून बूट कुठेच नव्हते. तिच्या चेहऱ्यावर आशा दिसायला लागली होती. आणि मग ती थांबली.

"हा टाका माझा आहे," ती म्हणाली.

"अगं, पण ती नवे घालून गेली होती," बाबा म्हणाले. "आपल्यासमोर घातले तिने."

"मला माहितीये. पण हा टाका माझाच आहे."

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. ते "हो... हो" एवढंच म्हणत राहिले. मग हळूच खाली बसले, माझ्या पायाला पाठ टेकून. दवाखान्यातून होता फोन. ती सापडली होती. उजव्या पायात मरून बूट होता, डावा पाय अनवाणी होता. आई कॅनव्हासचा बूट छातीशी धरून उभी राहिली, आणि तसाच तो घेऊन गेली.

नंतर हॉलला कुलूप लागलं. मला घडी घालून भिंतीशी उभं केलं. मावशी रोज झाडायला यायची आणि माझ्याशी बोलायची, कारण दुसरं होतंच कोण. तिच्याकडूनच कळायचं. बेकरीची भट्टी पेटलेली नाही. दुकानदार गिऱ्हाइकाशी कुजबुजत बोलतात. बस त्या वाटेच्या तोंडाशी आली की कुणी न सांगता आतली माणसं बोलायची थांबतात. लंबू वाचलाय, हात गळ्यात बांधलाय. तो रोज येतो, खिडकीतून आत बघतो आणि जातो. "हाक मारली की पळतो मेला," मावशी म्हणायची आणि झाडू टेकवून डोळे पुसायची.

माझ्याबद्दलही चर्चा झाली. वस्तीतले चार जाणते हॉलमध्ये जमले. एक म्हणाला, याच्यावर ते बूट मांडले होते, आता यावर पोरं खेळणार कशी, मोडीत काढा. दुसरा म्हणाला, मुळीच नाही, काचेत ठेवू, आठवण म्हणून. मला दोन्हींची सारखीच धास्ती वाटली.

मग काल दुपारी डावरीची आई आली. हातात कापडी पिशवी. मावशीने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिने पिशवीतून बूट काढला आणि मांडीवर ठेवला.

"मावशी, एक विचारायचंय. हा बूट इथे कसा आला?"

"सगळ्यांचे आले तसाच आला असेल ना गं," मावशी म्हणाली.

"याचा जोडीदार घरी आहे, तिच्या पलंगाखाली. फक्त डावाच बूट इथे. कोण एकच बूट घेऊन बाहेर पडतं?" ती थांबली. "मला माहितीये उत्तर. नवा बूट डाव्या पायाला चावत होता. दुकानातच म्हणाली होती, आई, हा जरा घट्ट वाटतोय. मी म्हटलं, वापरून सैल होईल, नखरे करू नकोस. मला सांगायची सोय नव्हती, म्हणून तिने जुना डावा बूट पर्समध्ये टाकून नेला असणार. पाय दुखला म्हणून नवा काढला असणार. त्या गर्दीत एक पाय अनवाणी, लंगडत... लंगडत नसती तर निघाली असती ती बाहेर. लंबू निघालाच ना?"

"असं काही मनात आणू नकोस," मावशी म्हणाली. तिने पाण्याचा पेला पुन्हा पुढे केला.

मी भिंतीशी उभा होतो, अंगाची घडी केलेली. त्या मुलीने माझ्याभोवती मारलेल्या उड्या मला आठवत होत्या, एकूण एक. आणि ही माऊली एका ठिगळावरून स्वतःला फाशी देत होती. लाकडाचं असणं इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

खिडकीशी सावली हलली. लंबू रोजच्यासारखा बघायला आला होता. त्याला मांडीवरचा बूट दिसला, आणि तो पळाला नाही. धाडकन दार लोटून आत आला.

"तो कुणी उचलला?" तो ओरडला. "शिळ्या नंबराला हात लावायचा नसतो! मी रोज बघतोय, बूट जागेवर नाहीये. कुणी उचलला?"

"अरे, कसला नंबर?" आई उठून उभी राहिली.

त्याला कळलं आपण कुणावर ओरडलो ते. तो खाली मान घालून उभा राहिला. मग अडखळत त्याने सगळं सांगितलं. बुटांची रांग, टोक जाळीकडे, शिळा नंबर, स्लिपरांचा ढीग. मावशी कपाळाला हात लावून ऐकत होती. इतकी वर्षं ती ज्यावरून ओरडली, तो गबाळेपणा नव्हता हे तिला आता कळत होतं.

"म्हणजे हा आदल्या दिवसापासून इथेच होता?" आईने विचारलं.

"हो काकू. टेबलाखाली. पहिला नंबर."

"मग नवा? घट्ट होता ना रे तो? खरं सांग. माझ्यासाठी म्हणून काही सांगू नकोस."

"घट्ट कसला! दोन दिवस ते बूट मोज्यांवर घालून घरात फिरत होती म्हणे, तुम्ही मशीनवर असताना. त्या दुपारी इथे नाचून दाखवलं तिने मला. उड्या मारल्या. जुना मुद्दाम ठेवून गेली होती. म्हणाली, जुना घरी असला तर ऐन वेळी आई म्हणेल, नवे खराब होतील, जुनेच घाल." त्याने गळ्यातला हात दुसऱ्या हाताने धरला. "तिथे सगळ्यांच्याच पायातलं निघत होतं, काकू. माझेही दोन्ही गेले. मी घरी अनवाणी आलो. तिचा हात मी धरला होता. सोडला नाही मी. सुटला."

आईने त्याच्या चांगल्या हाताचं मनगट घट्ट धरलं आणि दोघं तशीच उभी राहिली. मावशीने किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरला होता, आवाज होऊ नये म्हणून.

शेवटी आई म्हणाली, "कुठे होता बूट? दाखव मला."

मग त्यांनी मला उघडलं. मावशीने पायाखाली पुठ्ठा सरकवला. लंबूने जागा दाखवली. आई गुडघ्यांवर बसली आणि तिने बूट ठेवला, टोक जाळीकडे.

"आता नंबर कुणाचा?"

"तिचाच."

"आणि तिला यायला जमलं नाही तर?"

लंबू ओठ चावत राहिला. "तर कुणीच खेळायचं नाही. शिळा नंबर आधी. फक्त... घरचं कुणी तिच्या जागी खेळलं तर चालतं. गोटीला ताप होता तेव्हा त्याची ताई खेळली होती."

"मग उद्या मी येते," ती म्हणाली. "बॅट कशी धरतात ते तेवढं सांग."

ही गोष्ट गल्लीत कशी पसरली, देव जाणे. मावशीची जीभ आणि संध्याकाळचा वेळ, एवढं पुरलं असेल. मला मोडीत काढणारे आणि काचेत घालणारे दोघंही सकाळी येऊन गेले, माझ्याखाली वाकून पाहिलं आणि आल्या पावली परतले.

थांबा, दार वाजलं. आली माणसं.

मला वाटलं होतं, तिघं-चौघं असतील. पण हे बघा, दारातून आत येणारी रांग संपतच नाहीये. बेकरीवाला पुढे आहे, हातात गोटीचा बूट. त्यामागे एक आजोबा, त्यांच्या हातात नातीची पांढरी सँडल. एक जोडपं, दोघांनी मिळून एकच बूट धरलाय. ती येतात, वाकतात, माझ्याखाली बूट ठेवतात, टोक जाळीकडे करतात आणि बाजूला उभी राहतात. रांग माझ्याखालून निघून भिंतीपर्यंत गेली, तिथून वळून दारापर्यंत. कारखान्यात फळी असल्यापासून मी बरंच पाहिलं, पण असं काही नाही पाहिलं. मला भीती वाटतेय आणि अभिमानही वाटतोय. एवढ्या माणसांचं एवढं मोठं दुःख, आणि ते पोरांच्या खेळाच्या कायद्याने शिस्तीत उभं राहिलंय, आपला नंबर यायची वाट बघत.

डावरीची आई पुढे आली. पदर खोचलेला. डाव्या हातात बॅट. "अगं, तू उजव्या हाताची ना?" बाबांनी हळूच विचारलं. "नंबर तिचा आहे," ती म्हणाली.

समोर लंबू. त्याचा हात आजच सुटलाय.

पहिले काही चेंडू जाळीत गेले. पुढचा खिडकीवर. लंबू सोपा चेंडू टाकतोय की काय म्हणून मी कान टवकारले, पण नाही. त्याने सरळ फटका मारला, खणखणीत. मागे कुणीतरी चुकचुकलं, "अरे, जरा हळू..."

"हळू नाही," आईच म्हणाली. "तिला चाललं नसतं."

मग एक चेंडू तिच्या बॅटच्या कडेला लागला, उंच उडाला, हेलकावे खात आला आणि माझ्या त्या कोपऱ्यात पडला. बद्दकन. उसळलाच नाही. लंबू हवेत बॅट फिरवत राहिला, अगदी पूर्वीसारखा.

मग लंबू हसला, हसता हसता रडायला लागला, आणि बेकरीवाला इतक्या मोठ्याने "पॉइंट!" म्हणून ओरडला की छत दणाणलं. आईने माझ्यावर तळहात ठेवला. डावरी मारायची तशी थाप नाही मारली, नुसता ठेवला. तो उबदार होता.

बाकीचा खेळ लंबूने जिंकला. अकरा-एक. कायदा म्हणजे कायदा.

आई थोडा वेळ बॅट धरून उभी राहिली. आता काय करायचं ते तिला माहीत होतं, आणि ते तिला करवत नव्हतं. सगळा हॉल तिच्याकडे बघत होता, पण कुणी घाई केली नाही. मग ती वाकली. माझ्याखाली हात घातला. निळ्या ठिगळाचा बूट उचलला, फुंकर मारून धूळ झटकली आणि कडेला जाऊन उभी राहिली.

लंबूने डोळे पुसले. माझ्याखाली बघून म्हणाला, "पुढचा नंबर?"

बेकरीवाल्याने बाह्या वर केल्या.

बरं तर, मंडळी, माझं बोलणं इथेच थांबवतो. एकच विनंती. मला मोडा, विका, काचेत घाला, तुमची मर्जी. पण रांग संपेपर्यंत थांबा. खाली अजून पुष्कळ बूट आहेत, आणि काहींच्या घरच्यांनी बूट नुसते पाठवलेत, ती माणसं आज आलेली नाहीत. ती येतील तेव्हा येतील. तोवर त्यांच्या बुटाला कुणी हात लावू नका, वळसा घालून जा. मला आता खरंच सवड नाही. चेंडू आला.